अल्प, परंतु अखंड

रमजानचा चंद्र दिसला की त्या रात्री मशिदीत पाय ठेवायला जागा उरत नाही. तरावीहच्या रांगा अंगणापर्यंत पोहोचतात, कपाटातील कुरआनच्या प्रती हातोहाती जातात आणि वर्षभर फजरला न दिसलेले चेहरे पहाटे पहिल्या रांगेत दिसू लागतात. हे दृश्य आनंदाचे आहे. परंतु ईद उलटून आठ दिवस होतात न होतात तोच त्याच मशिदीत फजरला दीड-दोन रांगा उरतात. जे तीस दिवस सहज जमले ते एकतिसाव्या दिवशी अशक्य का व्हावे?

वाचकहो, हा प्रश्न केवळ नमाजपुरता नाही. नव्या वर्षाच्या आरंभी केलेला अभ्यासाचा निश्चय, कुरआन अर्थासह वाचण्याचा संकल्प, कर्ज फेडण्याची योजना, राग आवरण्याची शपथ या सर्वांचे तेच होते. आरंभ भव्य असतो आणि शेवट कोणाच्या लक्षातही येत नाही. अनेकदा अशी सुरुवात मोडल्यावर माणूस मनातल्या मनात म्हणू लागतो की, 'आपल्याकडून काही होणे नाही.' संकल्प मोडण्यापेक्षाही ही निराशा अधिक घातक आहे. इस्लामने या दुखण्याचे निदान आणि उपचार दोन्ही फार स्पष्टपणे सांगितले आहेत. त्यांचा विचार आपण येथे करू.

सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे

'सब्र' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याचा अर्थ झिजून गेला आहे. कोणाचे निधन झाले, कोणाचे नुकसान झाले की आपण म्हणतो, 'सब्र करा.' त्यामुळे सब्र म्हणजे दुःख मुकाट्याने सोसणे, एवढाच अर्थ मनात राहतो. अरबी भाषेत या शब्दाच्या मुळाशी 'रोखून धरणे, बांधून ठेवणे' हा अर्थ आहे. मन जिकडे धावू पाहते तिकडे त्याला जाऊ न देणे आणि जिथून ते पळू पाहते तिथे त्याला बांधून ठेवणे, हे दोन्ही सब्रच होय.

म्हणूनच विद्वानांनी सब्रचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला, अल्लाहच्या आज्ञापालनावर टिकून राहण्याचा सब्र. दुसरा, पापापासून स्वतःला रोखण्याचा सब्र. तिसरा, आलेल्या संकटात डगमगून न जाण्याचा सब्र. इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी तर या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. आपण बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकाराविषयी बोलतो. परंतु दररोज, प्रत्येक प्रहरी गरज पडते ती पहिल्या प्रकाराची. संकट कधीतरी येते; फजरची नमाज मात्र रोज येते.

पवित्र कुरआनने सूरह बकरहमध्ये श्रद्धावंतांना सब्र आणि नमाज या दोहोंच्या साहाय्याने मदत मागण्यास सांगितले आहे. या दोहोंची जोडी अर्थपूर्ण आहे. नमाज हे दिवसातून पाच वेळा, आयुष्यभर करावयाचे कर्तव्य आहे आणि सब्र हे ते आयुष्यभर निभावून नेणारे बळ आहे. सूरह अस्रमध्ये हानीपासून वाचणाऱ्यांची लक्षणे सांगताना श्रद्धा, सदाचार आणि सत्याचा उपदेश यांच्यानंतर सब्रचा उपदेश आला आहे. श्रद्धा व सदाचार यांचा आरंभ झाला तरी ते टिकवायला सब्र लागतो.

संततधारेसारखे आचरण

अलकमा (रह.) यांनी एकदा श्रद्धावंतांच्या माता हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले की, प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आचरण कसे होते, ते काही दिवस उपासनेसाठी खास राखून ठेवीत असत काय? आयेशा (रजि.) यांनी नकारार्थी उत्तर दिले आणि प्रेषितांच्या आचरणाचे वर्णन एकाच शब्दात केले : 'दीमा.' ही हदीस सहीह बुखारीत आहे.

'दीमा' हा अरबांचा पावसासाठीचा शब्द आहे. जो पाऊस गडगडाट व विजांवाचून, शांतपणे आणि दीर्घकाळ पडत राहतो, त्याला ते 'दीमा' म्हणत. महाराष्ट्रातील वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. वळवाचा पाऊस आपण पाहतो. आभाळ काळवंडते, वादळ सुटते, विजा कडाडतात आणि अर्ध्या तासात रस्त्यांना ओढ्याचे रूप येते. पण ते पाणी वाहून जाते. चार बोटे खणले तर खाली माती कोरडीच असते. उलट आषाढ-श्रावणातील संततधार कोणाला दचकवत नाही, परंतु तीच जमिनीत मुरते, विहिरीला पाझर फोडते आणि पीक उभे करते.

आयेशा (रजि.) यांनी प्रेषितांच्या उपासनेला या पावसाची उपमा दिली. ज्यांच्या उपासनेची बरोबरी कोणी करू शकत नाही, त्यांच्या उपासनेचे वैशिष्ट्य म्हणून त्यांनी सातत्य सांगितले, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत त्यांच्याच मार्फत ही शिकवणही आली आहे की, जे कर्म नियमितपणे केले जाते तेच अल्लाहला सर्वाधिक प्रिय असते, मग ते थोडे का असेना.

उत्साहाचा अतिरेक

ही शिकवण कोणत्या प्रसंगी दिली गेली, हे पाहिले की तिचे मर्म कळते. आयेशा (रजि.) यांच्याकडे एक स्त्री बसली होती. तिच्याविषयी असे सांगण्यात आले की, ती रात्रभर झोपत नाही, नमाज पढत राहते. आपण असतो तर तिची वाहवा केली असती. प्रेषितांनी (स.) मात्र थांबविले. जेवढे झेपेल तेवढेच अंगावर घ्या, कारण अल्लाह मोबदला देण्यास कंटाळत नाही, तुम्हीच कंटाळून जाता, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

असाच प्रसंग मशिदीत घडला. दोन खांबांच्या मध्ये एक दोरी बांधलेली त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की, ती हजरत जैनब (रजि.) यांची आहे, नमाजमध्ये उभे राहून थकवा आला की त्या तिचा आधार घेतात. प्रेषितांनी ती सोडून टाकण्यास सांगितले. अंगात उमेद असेपर्यंत उभे राहावे आणि थकल्यावर बसावे, ही त्यांची शिकवण होती.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची हकिकत याहून अधिक बोलकी आहे. ते तरुण होते. रोज दिवसा उपवास आणि रोज रात्री संपूर्ण कुरआनचे पठण असा त्यांचा निश्चय होता. वडिलांनी त्यांचा विवाह एका चांगल्या घराण्यातील मुलीशी लावून दिला होता. परंतु उपासनेच्या भरात पत्नीकडे त्यांचे लक्षच नव्हते. वडिलांनी सुनेची विचारपूस केली तेव्हा ही गोष्ट उघड झाली आणि ती प्रेषितांपर्यंत पोहोचली. प्रेषितांनी त्यांना बोलावून समजाविले की, तुमच्या शरीराचा, डोळ्यांचा आणि पत्नीचाही तुमच्यावर हक्क आहे. महिन्यात तीन उपवास करा, एका महिन्यात कुरआन पूर्ण करा, असे सुचविले. अब्दुल्लाह (रजि.) दर वेळी म्हणत की, मला याहून अधिक करण्याची शक्ती आहे. शेवटी हजरत दाऊद (अ.) यांच्याप्रमाणे एक दिवसाआड उपवास आणि सात दिवसांत कुरआन यांवर गोष्ट येऊन ठरली.

वर्षे लोटली. अब्दुल्लाह (रजि.) वृद्ध झाले. तेव्हा ते म्हणत असत की, प्रेषितांनी दिलेली सवलत मी स्वीकारली असती तर किती बरे झाले असते! पण त्यांनी नेम सोडला मात्र नाही. रात्री वाचावयाचा कुरआनचा सातवा भाग ते दिवसा घरातील कोणाला तरी म्हणून दाखवीत, म्हणजे रात्री तो सोपा जाई. अशक्तपणा वाटला की काही दिवस उपवास थांबवीत, ते दिवस मोजून ठेवीत आणि नंतर तेवढे उपवास भरून काढीत. ज्या रीतीवर प्रेषितांचा निरोप घेतला ती रीत मोडू नये, एवढीच त्यांची तळमळ होती.

या हकिकतीत दोन धडे आहेत. तारुण्यात, उत्साहाच्या भरात जे ओझे हलके वाटते ते पुढे जड होते. म्हणून नेम ठरविताना आजच्या उत्साहाला विचारू नये, थकलेल्या दिवसाला विचारावे. दुसरा धडा असा की, नेम जड झाला तरी तो फेकून देण्यापेक्षा त्याला वाट काढून देता येते. याच अब्दुल्लाहना (रजि.) प्रेषितांनी एकदा एका माणसाचा दाखला देऊन बजावले होते की, त्याच्यासारखे होऊ नका, तो आधी रात्री उठत असे आणि नंतर त्याने ते सोडून दिले. त्या माणसाचे नाव हदीसमध्ये आलेले नाही. त्या रिकाम्या जागी आपले नाव तर बसत नाही ना, हे ज्याचे त्याने पाहावे.

सिफ्फीनच्या रात्रीही

थोडे पण अखंड म्हणजे काय, याचे सर्वांत सुंदर उदाहरण प्रेषितांच्या घरातच आहे. हजरत फातिमा (रजि.) घरी स्वतः जाते ओढीत. त्यामुळे त्यांच्या हातांना घट्टे पडले होते. घरकामासाठी एखादा सेवक मिळावा म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. परंतु भेट झाली नाही. रात्री प्रेषित (स.) स्वतः त्यांच्या घरी आले. फातिमा (रजि.) आणि हजरत अली (रजि.) अंथरुणावर पडले होते. त्यांनी दोघांना सांगितले की, सेवकापेक्षा चांगली गोष्ट तुम्हाला देतो : झोपताना 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणत जा.

हे म्हणावयास काही मिनिटे पुरतात. हजरत अली (रजि.) पुढे सांगत की, ऐकल्यापासून मी हे कधी सोडले नाही. कोणीतरी विचारले, 'सिफ्फीनच्या रात्रीही नाही?' त्यांचे उत्तर होते की, सिफ्फीनच्या रात्रीही नाही. सिफ्फीनची लढाई हिजरी सन 37 मधली. प्रेषितांचे निधन हिजरी सन 11 मध्ये झाले. म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ, पत्नीचा वियोग, खिलाफतीचा भार आणि आपसांतील युद्धाची वेदना या सर्वांतून ती काही मिनिटे त्यांनी सांभाळली. आपल्यापैकी किती जणांनी एखादी छोटीशी गोष्ट पंचवीस वर्षे सांभाळली आहे?

या प्रसंगाकडे आपल्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. लहान मुलांची उठबस, स्वयंपाक, वृद्धांची सेवा यांत दीर्घ उपासनेला वेळ मिळत नाही म्हणून अनेक जणी मनातून खंतावतात. ज्यांच्या हातांना जात्याचे घट्टे पडले होते त्यांनाच हा नेम सर्वप्रथम दिला गेला, हे त्यांनी विसरू नये.

हळूहळू अवतरलेला ग्रंथ

पवित्र कुरआन स्वतःच या तत्त्वाचा पुरावा आहे. तो एका रात्रीत ग्रंथरूपाने लोकांच्या हाती दिला गेला नाही. सुमारे 23 वर्षांच्या काळात, प्रसंगाप्रसंगाने अवतरत गेला. विरोधकांनी आक्षेपच घेतला होता की, हा एकदम का उतरविला गेला नाही? सूरह फुरकानमध्ये याचे उत्तर देताना प्रेषितांच्या हृदयाला बळकटी मिळावी, हे कारण सांगितले आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये लोकांना तो थांबत थांबत ऐकविता यावा, असा हेतू सांगितला आहे. सर्वशक्तिमान अल्लाहला एका क्षणात सर्व काही देणे अशक्य नव्हते. पण माणसाचे हृदय एका क्षणात घडत नाही.

प्रेषितांच्या सहकाऱ्यांनीही शिकताना हीच रीत पाळली. अबू अब्दुर्रहमान सुलमी (रह.) यांनी आपल्या गुरुजनांविषयी सांगितले आहे की, ते दहा आयती शिकत आणि त्यांतील ज्ञान व आचरण आत्मसात केल्याशिवाय पुढे जात नसत. आपल्या मकतब-मदरशांतून कुरआन कंठस्थ करणारी मुलेही याच वाटेने जातात. रोज नवा सबक थोडाच असतो. त्याच्याबरोबर मागच्या काही दिवसांचे आणि त्याहूनही जुन्या पाठांचे पठण असते. नवा सबक कमी झाला तर उस्ताद एकवेळ चालवून घेतात, परंतु जुन्याची उजळणी चुकलेली चालवून घेत नाहीत. कारण कुरआन सांभाळणाऱ्याची तुलना प्रेषितांनी बांधलेल्या उंटांच्या मालकाशी केली आहे : लक्ष ठेवले तर उंट राहतात, सोडले तर निघून जातात.

सांसारिक उद्दिष्टांचाही हाच नियम

कोणी म्हणेल की, हे उपासनेपुरते ठीक आहे. शिक्षण, व्यापार, शेती यांचे काय? कुरआनात सूरह यूसुफमध्ये याचे उत्तर मिळते. मिस्रच्या राजाने पाहिलेल्या स्वप्नाचा अर्थ सांगताना हजरत यूसुफ (अ.) यांनी दुष्काळाचे केवळ भाकीत केले नाही, उपायही सांगितला. सात वर्षे सतत पेरणी करा, खाण्यापुरते थोडे काढून बाकीचे धान्य कणसांतच राहू द्या, म्हणजे पुढील सात कठीण वर्षे निभावतील. या ठिकाणी कुरआनने 'दअबन' हा शब्द वापरला आहे. चिकाटीने, नेहमीच्या रीतीने, खंड न पडू देता, असा त्याचा अर्थ आहे. एक देश उपासमारीतून वाचला तो एखाद्या अचाट पराक्रमाने नव्हे. सात वर्षांच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या, रोजच्या श्रमाने तो वाचला.

आज आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली स्पर्धा परीक्षांची, वैद्यकीय प्रवेशाची, तांत्रिक शिक्षणाची तयारी करीत आहेत. परीक्षा जवळ आली की रात्र-रात्र जागणारा विद्यार्थी आणि वर्षभर रोज दोन तास बसणारा विद्यार्थी यांत फरक केवळ गुणांचा नसतो. पहिल्याचे ज्ञान परीक्षेबरोबर ओसरते; दुसऱ्याचे ज्ञान त्याचा स्वभाव बनते. इमाम बुखारी (रह.) यांच्याविषयी सांगितले जाते की, त्यांनी आपला हदीससंग्रह 16 वर्षांच्या परिश्रमाने सिद्ध केला आणि प्रत्येक हदीस त्यात घेण्यापूर्वी दोन रकात नमाज अदा केली. ज्या ग्रंथाचा आधार घेऊन आपण आज बोलतो, तो असा एकेक हदीस पारखून उभा राहिला आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. सातत्य हा गुण आहे, पण चुकीच्या वाटेवरचे सातत्य गुण नव्हे. ध्येय हलाल असावे, साधन हलाल असावे आणि त्यासाठी कोणाचा हक्क मारला जाऊ नये. व्यवसायाच्या मागे रोज चौदा तास धावणारा माणूस नमाज आणि मुलेबाळे विसरला तर त्याला चिकाटीचा म्हणता येणार नाही. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना तर उपासनेसाठीही पत्नीचा हक्क डावलू दिला गेला नाही.

खंड पडला तर

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. नेम सुरू केला, पंधरा दिवस पाळला आणि सोळाव्या दिवशी चुकला. अशा वेळी बहुतेक जण सतराव्या दिवशीही उठत नाहीत. 'आता मोडलाच आहे' असे म्हणून सर्वच सोडून देतात. सैतानाला सोळाव्या दिवसाच्या चुकीत फारसे स्वारस्य नसते. त्याचा डोळा सतराव्या दिवसावर असतो.

प्रेषितांनी (स.) ही मानवी दुर्बलता ओळखली होती. प्रत्येक कार्याला उत्साहाचा काळ असतो आणि प्रत्येक उत्साहानंतर शिथिलता येते, असे त्यांनी सांगितले आहे. ती शिथिलता ज्याला सुन्नतच्या मर्यादेत ठेवते तो सन्मार्गावर राहिला, अशी ग्वाही दिली आहे. म्हणजे ओहोटी येणारच. पण ओहोटीतही फर्ज सुटू नये आणि हरामाकडे पाऊल पडू नये, एवढी सीमा राखावयाची आहे.

चुकलेला नेम भरून काढण्याची वाटही दाखविली आहे. रात्रीचा कुरआन-पठणाचा नेम झोपेमुळे राहून गेला आणि तो फजर व जोहरच्या दरम्यान पूर्ण केला, तर तो रात्रीच केल्यासारखा लिहिला जातो, असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. आजारपणामुळे किंवा झोपेमुळे रात्रीची नमाज राहिली तर प्रेषित (स.) स्वतः दिवसा बारा रकात अदा करीत. आणि सहीह बुखारीतील एक शिकवण तर दुर्बलांसाठी मोठाच दिलासा आहे : माणूस आजारी पडला किंवा प्रवासात असला, तर निरोगी असताना व घरी असताना तो जे करीत असे त्याचे पुण्य त्याच्या खात्यात लिहिले जाते. विचार करा, हे पुण्य कोणाला मिळणार? ज्याचा काही नेम होता त्यालाच. ज्याने आरोग्याच्या काळात काहीच बांधून ठेवले नाही, त्याच्या आजारपणात काय लिहिले जावे?

दुसऱ्या बाजूने, सूरह नहलमध्ये शपथा व करार मोडणाऱ्यांना ताकीद देताना एका स्त्रीचे उदाहरण आले आहे. मेहनतीने पक्के सूत कातून नंतर तिने ते स्वतःच उकलून त्याचे तुकडे तुकडे केले. संदर्भ करारांचा आहे, परंतु महिनाभर विणलेले चार दिवसांत उसवणाऱ्या प्रत्येकाने हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. सूत तुटले तर गाठ मारता येते. स्वतःच्या हाताने उसवू नये.

फळाची घाई

सातत्य मोडण्याचे आणखी एक कारण म्हणजे फळाची घाई. हजरत खब्बाब बिन अरत्त (रजि.) हे मक्केतील लोहार होते आणि श्रद्धेपायी त्यांनी भयंकर छळ सोसला. प्रेषित (स.) काबागृहाच्या सावलीत चादरीवर टेकून बसले असताना त्यांनी येऊन विनविले की, आपण आमच्यासाठी अल्लाहकडे मदत मागणार नाही का? प्रेषितांनी त्यांना पूर्वीच्या श्रद्धावंतांनी सोसलेल्या यातनांची आठवण दिली आणि ग्वाही दिली की, हे कार्य पूर्णत्वास जाईल. सनआपासून हजरमौतपर्यंत प्रवासी निर्भयपणे जाईल. शेवटी म्हणाले की, तुम्ही लोक मात्र घाई करता.

खब्बाब (रजि.) यांच्या वेदना खऱ्या होत्या आणि त्यांची मागणीही रास्त होती. तरीही त्यांना वेळापत्रक दिले गेले नाही, वचन दिले गेले. मक्केतील 13 वर्षे सोसल्यानंतर हिजरत झाली आणि हिजरतीच्या आठव्या वर्षी मक्का विनारक्तपाताच्या जवळपास जिंकली गेली. हजरत नूह (अ.) यांनी तर आपल्या लोकांत 950 वर्षे व्यतीत केली, रात्रंदिवस आवाहन केले, उघडपणे आणि एकांतातही समजाविले, आणि श्रद्धा ठेवणारे मोजकेच निघाले. त्यांचे कार्य असफल म्हणण्याचे धाडस कोण करील? माणसाच्या हाती प्रयत्न आहे, फळ अल्लाहच्या हाती आहे. म्हणूनच प्रेषितांनी शिकविले आहे की, अंतिम घटका समोर येऊन ठाकली आणि तुमच्या हातात एखादे रोप असेल, तर शक्य असल्यास ते लावून टाका. त्या रोपाला फळ लागणार नाही, हे लावणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी लावण्याचे पुण्य शिल्लक असते.

व्यवहारात काय करावे

वाचकहो, हे सर्व वाचून पुन्हा एखादा भव्य संकल्प केला तर या लेखाचा हेतूच फसेल. म्हणून थोडक्यात काही गोष्टी सुचवितो.

पहिली, फर्ज कर्तव्यांना अग्रक्रम द्यावा. पाच वेळच्या नमाज हाच सातत्याचा पाया आहे. त्या डळमळीत ठेवून तहज्जुदचा संकल्प करणे म्हणजे पाया सोडून कळस चढविणे होय.

दुसरी, एकच नेम घ्यावा आणि तो इतका लहान घ्यावा की तापाच्या दिवशीही जमेल. उपखंडात प्रचलित असलेल्या पंधरा ओळींच्या प्रतीत एक पारा साधारण वीस पानांचा असतो. प्रत्येक नमाजनंतर केवळ एक पान वाचले तरी दिवसाला पाच पाने होतात आणि सुमारे चार महिन्यांत कुरआन पूर्ण होतो. म्हणजे वर्षातून तीनदा. अर्थासह रोज पाच आयती वाचल्या तर साडेतीन वर्षांच्या आत संपूर्ण कुरआन समजून वाचून होतो. गेल्या साडेतीन वर्षांत आपण काय केले, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

तिसरी, नेमाला वेळेशी बांधावे. 'सवड मिळेल तेव्हा' ही वेळ दिनदर्शिकेत नसते. फजरनंतर, दुकान उघडण्यापूर्वी, मुले शाळेत गेल्यावर, अशी निश्चित जागा द्यावी. धर्म सोपा आहे, असे सांगून प्रेषितांनी सकाळ, सायंकाळ आणि रात्रीचा काही भाग यांची मदत घेण्यास सांगितले आहे. वाळवंटातील जाणता प्रवासी याच वेळी चालतो. तो दिवसभर धावत नाही, म्हणूनच मुक्कामी पोहोचतो.

चौथी, दानधर्मातही हेच करावे. वर्षातून एकदा मोठी रक्कम देणे चांगलेच. पण दर आठवड्याला, ऐपतीप्रमाणे दहा रुपये का होईना, बाजूला काढण्याची सवय हृदयाला अधिक मऊ करते. हलाल कमाईतील खजुराएवढे दानही अल्लाह स्वीकारतो आणि माणूस आपले शिंगरू वाढवितो तसे ते वाढवीत पर्वताएवढे करतो, असे हदीसमध्ये आले आहे.

पाचवी, एकटे राहू नये. सूरह अस्रमध्ये सब्रचा उपदेश एकमेकांना करण्यास सांगितले आहे. पती-पत्नी, दोन मित्र, बाप-लेक यांनी एकमेकांना आठवण करून देण्याचे ठरवावे. ज्याला विचारणारे कोणी असते त्याचा नेम सहसा मोडत नाही.

हजरत सुफियान बिन अब्दुल्लाह सकफी (रजि.) यांनी प्रेषितांना विनविले होते की, इस्लामविषयी अशी गोष्ट सांगा की पुन्हा कोणाला काही विचारावे लागू नये. उत्तर दोनच भागांचे होते : अल्लाहवर श्रद्धा असल्याचे म्हणा आणि मग त्यावर ठाम राहा. पहिला भाग म्हणावयास एक क्षण पुरतो. दुसऱ्या भागासाठी सारे आयुष्य दिलेले आहे, आणि ते एकेका दिवसाने खर्च होत आहे. आजचा दिवस अजून आपल्या हाती आहे.

अल्लाह आम्हां सर्वांना असहायता आणि आळस यांपासून दूर ठेवो, आमच्या थोड्या आचरणात बरकत देवो आणि जे आरंभिले ते शेवटच्या श्वासापर्यंत निभावून नेण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.